खेळणं की संग्रहाची वस्तू

साहेबांनी कटर लावून खोक्यावरची चिकटपट्टी उभी चिरली आणि मान वर न करता विचारलं,

"काय आहे आत? खेळणं, की संग्रहाची वस्तू?"

"खेळणं," ती म्हणाली.

साहेबांचा हात थांबला. परदेशातून येणाऱ्या पार्सलांच्या त्या लांबलचक हॉलमध्ये तिला सगळे एजंटबाई म्हणत. लोकांची कस्टममध्ये अडकलेली पार्सलं सोडवून देणं हा तिचा धंदा, आणि एखाद्या वस्तूला स्वतःच्या तोंडानं खेळणं म्हणणारी एजंटबाई साहेबांनी आजवर पाहिली नव्हती. कारण साधं होतं. बाहेरून येणाऱ्या खेळण्याला सुरक्षिततेचं प्रमाणपत्र लागे. रंग विषारी नाही ना, कडा बोटं कापत नाहीत ना, असलं सगळं. जुन्या, संग्रहाच्या वस्तूला ते लागत नसे, कारण ती कुणी पोराच्या हातात देत नाही. तिकडचे विकणारे बिचारे भाबडेपणानं चिठ्ठीवर 'खेळणं' लिहून मोकळे होत आणि पार्सल इथं येऊन रुतून बसे. मग एजंटबाई यायची, भांडायची, आणि खेळण्याची संग्रहाची वस्तू करून घेऊन जायची.

"नीट विचार करून सांगा," साहेब म्हणाले. "परवा ते कापूस भरलेलं अस्वल ऐतिहासिक ठेवा म्हणून सोडवून नेलंत तुम्ही. आणि आज हे?"

"आज हे खेळणंच आहे."

"प्रमाणपत्र?"

"नाही."

"विकणारा परत घ्यायला तयार नाही. म्हणजे चुऱ्यात जाईल हे. यंत्रात."

"जाऊ द्या की."

वा! केवढे गोड शब्द. इतकी वर्षं ती या हॉलमध्ये लोकांसाठी घसा कोरडा करत आली होती, पण 'जाऊ द्या' म्हणताना जिभेवर जी चव आली ती याआधी कधी आली नव्हती. पार्सल तिच्या काकांचं होतं, मावशीच्या यजमानांचं. आणि काकांची एखादी लाडकी वस्तू आपल्या डोळ्यांदेखत यंत्रात जावी, अशी इच्छा ती तिसरीत होती तेव्हापासून उराशी धरून होती.

काकांच्या दिवाणखान्यात काचेचं एक कपाट होतं. त्यात चावीची पत्र्याची खेळणी: मोटारी, जहाज, ढोल बडवणारं माकड. त्यांना खेळणी म्हटलेलं काकांना खपत नसे. "संग्रह आहे हा," असं ते पोराटोरांना बजावत. एके दिवशी त्या कपाटातलं एक बदक नाहीसं झालं. घरात पाहुणे होते, पण काकांना संशय आला तो नेमका तिचा, कारण आदल्याच दिवशी ती त्या काचेला नाक लावून उभी होती. त्यांनी सगळ्यांसमोर तिचं दप्तर गालिच्यावर पालथं केलं. फ्रॉकचे खिसे उलटे केले. मग बूट काढायला लावले, मग मोजे. काही सापडलं नाही.

"पोरगी पक्की आहे," काका म्हणाले. "लपवलंय कुठंतरी."

त्या संध्याकाळी आईनं, जिनं कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं, तिला फूटपट्टीनं झोडपलं. कबूल हो, कबूल हो. ती कबूल झाली नाही. कशाला होईल? पण पुढं कधीही तो विषय निघाला की आई म्हणायची, "जाऊ दे गं, लहान होतीस." या वाक्यानं तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. न केलेल्या गोष्टीची माफी आई तिला पुन्हा पुन्हा देत होती. काका तर बोलूनचालून काका. कुठल्याही लग्नात, बारशात ती दारातून आत आली की ते मोठ्यानं म्हणत, "कपाटाला कुलूप आहे ना रे? आली आमची पाहुणी!" आणि सगळे हसत. तिच्या पोरांसमोरसुद्धा.

तिला काही फार नको होतं. आईनं एकदा, फक्त एकदा म्हणायला हवं होतं, की तू नव्हतीस.

आणि मागच्या आठवड्यात काकांचाच फोन. "अगं, तू त्या लायनीत आहेस ना? नेटवरून एक दुर्मीळ वस्तू मागवलीय, ती अडकवून ठेवलीय मेल्यांनी. तू घरचीच, म्हणून सांगतो."

घरची! दप्तर पालथं करताना नव्हती ती घरची. पण आवाजात साखर घालून ती म्हणाली होती, "सोडवते ना काका. त्यात काय एवढं?"

आता साहेबांनी खोक्यातला कागदाचा बोळा बाजूला केला आणि वस्तू टेबलावर ठेवली.

पत्र्याचं बदक होतं. हिरवं डोकं, पिवळी चोच, पोटावरचा रंग उडालेला. पाठीत चावी होती, पण ती बदकाची नव्हे. गजराच्या घड्याळाची पितळी चावी कुणीतरी कानशीनं घासून तिथं झाळली होती, आणि ती एका अंगाला कलली होती. ती चावी बसवताना काकांच्या शेजारी उकिडवं बसून, हातात दिवा धरून, तिनंच पाहिलं होतं. तेव्हा ती काकांची लाडकी होती.

"एजंटबाई? लिहू ना खेळणं?"

"थांबा," ती म्हणाली. "एक मिनिट थांबा साहेब. लिहू नका."

क्ष-किरणांच्या यंत्रामागं, जरा आडोशाला जाऊन तिनं काकांना फोन लावला.

"काका, पार्सल उघडलंय. हे तर आपलं बदक आहे. गेलेलं."

"ओळखलंस ना?" काका हरखून म्हणाले. "अगं, सहज बघत बसलो होतो आणि फोटोत माझी चावी! म्हटलं, जगात अशी वाकडी चावी दुसरी असूच शकत नाही."

"पण ते परदेशात गेलं कसं?"

काकांच्या मागं टीव्ही चालू होता. पावलं वाजली, दार लागलं आणि टीव्हीचा आवाज बंद झाला.

"विचारलं मी त्या विकणाऱ्याला," काका हळू आवाजात म्हणाले. "म्हातारा आहे, पण लक्षात आहे त्याच्या. इथं फिरायला आला होता, तेव्हा कॉलेजातल्या एका पोराकडून घेतलं म्हणे. पोराला गिटार घ्यायची होती."

काकांच्या घरात तेव्हा कॉलेजात एकच जण होता, त्यांचा मुलगा, आणि गिटारही एकाच्याच गळ्यात होती.

"दादानं?"

"विचारलं त्याला. हो म्हणाला. असतं गं ते वय. पण हे बघ, कुणाला बोलू नकोस. त्याची पोरं मोठी झालीत आता, त्यांच्यासमोर शोभा नको. आणि तुझ्या मावशीला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नाही, धक्का बसेल तिला. तू समजूतदार आहेस."

ती थांबली. यानंतर आणखी एक वाक्य यायला हवं होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं की ते वाक्य यायला हवं होतं. ती फोन कानाला गच्च दाबून वाट बघत राहिली.

"जपून आण हं," काका म्हणाले. "त्याची शेपटी नाजूक आहे."

फोन ठेवल्यावर ती तशीच उभी राहिली. पट्ट्यावरून खोकी सरकत होती. एका शब्दाचं काम होतं. पण चुरा झाला असता तर काकांचं बदक गेलं असतं, आणि तिच्या बाजूनं बोलणारी जगातली एकुलती एक गोष्टही गेली असती. छे! इतक्या स्वस्तात कशाला सोडायचं त्यांना?

ती टेबलापाशी परत आली.

"चुकलं माझं साहेब. संग्रहाची वस्तू आहे."

"अहो, आत्ताच तर खेळणं म्हणालात!"

"याच्याशी कुणी खेळत नाही. याला नुसतं बघितलं तरी बूट-मोजे काढायला लावतात."

विनोद समजून साहेब खदखदून हसले. तिनं त्यांना चावीवरचं जुनं झाळकाम दाखवलं, काकांकडून तिथंच मोबाइलवर मागवलेला, बदक दिसणारा कपाटाचा जुना फोटो दाखवला, आणि साहेबांनी शिक्का मारला. काकांना तिनं कळवलं की रविवारी मावशीच्या वाढदिवसाला येते, तेव्हाच आणते. "गुपचूप माझ्या हातात दे," काकांचा निरोप आला.

खरं सांगायचं तर रविवारी सकाळपर्यंत तिचं मन डळमळत होतं. म्हातारा माणूस. बाजूला घेऊन नुसतं 'चुकलो गं' म्हणाला असता, तरी तिनं ते बदक मुकाट्यानं त्याच्या हातात ठेवलं असतं. सूड उगवायचा म्हटलं तरी आतून दुखतं माणसाला.

ती आईला घेऊन काकांच्या घरी पोचली. दिवाणखाना माणसांनी भरलेला. काकांनी तिला पाहिलं, तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"कपाटाला कुलूप आहे ना रे? आली आमची पाहुणी!"

सगळे हसले. दादाही हसला. आई ओशाळं हसली आणि पदर सारखा करत एका कडेला बसली.

सगळं माहीत असून! सगळं माहीत असून म्हणाले! तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता ओरडावं. पण ओरडली नाही. जेवणं उरकत आली तेव्हा तिनं मोठ्या टेबलावरची चार ताटं सरकवून जागा केली, पिशवीतून बदक काढलं, चावी दिली आणि ठेवून दिलं. बदक खटखट करत, फेंगडं फेंगडं, ताटांच्या मधून चालू लागलं.

गप्पा थांबल्या. दादाचा घास हातातच राहिला. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. हाच तो चेहरा! याच्यासाठीच तर एवढं सगळं केलं होतं. आता विचारा, ती मनात म्हणाली. विचारा कुणीतरी, कुठून आलं म्हणून.

"अरे, हे तर तेच!" मामा ओरडला. मग तो तिच्याकडे वळला आणि त्यानं टाळी वाजवली. "शाब्बास! दिलंस बाई शेवटी परत! उशिरा का होईना, पण दिलंस!"

हशाचा असा काही गदारोळ उठला की विचारू नका.

हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. एवढी कस्टमची माणसं कोळून प्यालेली ती, पण घरचे लोक बदक पाहून काय समजतील, हे मात्र तिला सुचलंच नव्हतं. "नाही हो, हे पार्सल कस्टममधून..." ती सांगायला गेली, पण कुणी ऐकेना. "इतकी वर्षं कुठं ठेवलं होतंस गं?" "काका, आता कुलूप काढा!" तिनं काकांकडे पाहिलं. काकांच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. त्यांना सुटका दिसली होती. त्यांनी मान खाली घातली आणि ताटातलं उरलेलं चिवडत बसले.

आई उठून तिच्याजवळ आली. तिचे डोळे भरले होते.

"आणलंस ना," आई तिच्या दंडावर हात ठेवून पुटपुटली. "बरं केलंस. झालं गेलं. आता हा विषय नको."

हॉलमध्ये अस्वलांसाठी भांडणारी बाई, आणि स्वतःसाठी तोंडातून हूं की चूं निघेना.

तेवढ्यात मावशी स्वयंपाकघरातून पाण्याचा जग घेऊन बाहेर आली. आतल्या नळाच्या धारेत तिनं बाहेरचं काहीच ऐकलं नव्हतं. सगळे का हसतायत म्हणून तीही हसत हसतच आली, आणि टेबलावर चालणारं बदक तिला दिसलं. ती जागच्या जागी थांबली. जगमधलं थोडं पाणी फरशीवर सांडलं. तिनं काकांकडे पाहिलं नाही, भाचीकडे पाहिलं नाही. ती सरळ दादाकडे वळली.

"तू तर म्हणाला होतास," मावशी म्हणाली, "की ते आता कधी परत येणार नाही म्हणून."

एकेकाचं हसू विरत गेलं. मामानं उगाचच घसा खाकरला. काकांनी मान वर केली आणि आपल्या बायकोकडे, जणू पहिल्यांदाच पाहावं तसं पाहिलं.

मुलीच्या दंडावरचा आईचा हात घट्ट झाला. इतका घट्ट, की बोटं रुतली. आईनं बहिणीकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग पुन्हा बहिणीकडे.

"ताई?" आई म्हणाली.