चाळीस मीटरची बादली

"एरंडेल आहे का?" बाबांनी विचारलं.

रविवारचे सकाळचे अकरा वाजले होते. माझ्या स्क्रीनवर नळातून बादलीत पाणी पडत होतं. नऊ दिवस खपून कॉम्प्युटरवर बनवलेलं, थेंबन् थेंब माझा! संध्याकाळी सहाच्या आत तो दहा सेकंदांचा व्हिडिओ एका ॲनिमेशन स्टुडिओला पाठवायचा होता. सुट्टीत ते बारा मुलांना शिकवणार होते आणि त्या बारांत मला जायचंच होतं. वर्गात तर मी 'आता अकराच जागा उरल्यात' असं जाहीरही करून बसले होते.

"पाणी आहे ते," मी म्हटलं. "चकाकी बघा ना! खिडकीसुद्धा दिसतेय त्यात."

"चकाकी झकास. पण पडतंय कसं? सासरी निघाल्यासारखं, मागे बघत बघत."

बाबा प्लंबर. वीस-बावीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांमध्ये उकिडवे बसलेले. त्यांच्यापुढे पाण्यावर बोलायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं. पण मी कसली गप्प बसतेय!

"बाबा, यात गुरुत्वाकर्षणाचं गणित आहे. चुकूच शकत नाही."

"बरं बाई. परत लाव."

मी लावलं. ते बोटांवर मोजायला लागले. "एक... दोन... तीन. बुडाला लागायला तीन? आपल्या मोरीत 'ए' म्हणायच्या आत लागतं. हे पंधराव्या मजल्यावरून येतंय, साहेब. बादली केवढी आहे तुझी?"

"चाळीस."

"चाळीस काय?"

'सेंटीमीटर' म्हणायला मी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. हा प्रोग्राम मीटरमध्ये मोजतो. मी नुसतंच चाळीस टाकून मोकळी झाले होते. म्हणजे नऊ दिवस मी एका इमारतीएवढ्या बादलीत पाणी भरत होते! गणित बिचारं अगदी बरोबर होतं.

बाबांना हसू आवरेना. "अगं ऐकलंस का? पोरीने धरण बांधलंय!"

"आधी कपाट आवरायला सांग तिला," आतून आई.

मी बादली खरी, हातात धरता येईल एवढी केली. तर कॉम्प्युटर म्हणाला, अकरा तास. कारण छोट्या बादलीत बारीक बारीक शिंतोडे उडतात आणि त्या प्रत्येकाचं वेगळं गणित. आणि हातात होते साडेसहा तास. मी उशीत तोंड खुपसलं. अकरा जागा उरल्या होत्या ना, आता बाराच्या बारा उरल्या.

"एवढं धो धो कशाला पाहिजे?" बाबा पलंगाच्या कडेवर बसले. "आम्हाला लोक फोन करतात ते टिपटिपीसाठी. माणसाची झोप उडवायला एक थेंब पुरतो. तो एक कर ना, नीट."

एक थेंब! एकाचं गणित कितीसं असणार? मी ताडकन उठले.

"पण मला खरा बघायचाय. जवळून."

बाबांनी पिशवीतून एक झिजलेला वॉशर काढला आणि स्वयंपाकघरातल्या चांगल्या नळाला बसवला. आई कमरेवर हात ठेवून उभी. "लोकांच्या घरी प्लंबर येतो तो गळती थांबवायला. माझं नशीबच उफराटं!"

"शिक्षण चाललंय," बाबा म्हणाले. "मध्ये बोलू नये."

मी नळाला नाक लावून फोनवर अगदी संथ गतीत शूटिंग केलं. थेंब आधी नुसता लोंबकळतो. मग त्याचं पोट सुटतं. मग मान बारीक होत होत तुटते. आणि मला ठाऊकच नव्हतं, सगळा थेंब खाली पडत नाही! मागे राहिलेला तुकडा चटका बसल्यासारखा टुणकन वर नळाला जाऊन चिकटतो.

"तो घाबरतो," बाबा म्हणाले. "पुढचा नंबर त्याचाच असतो ना."

पावणेसहाला माझा थेंब तयार झाला. मी स्क्रीन बाबांकडे वळवला. ते जरा वाकले, बघितलं, आणि अगदी सहज म्हणाले, "वॉशर गेलाय."

एवढं ऐकलं आणि मी 'पाठवा' दाबलं.

गुरुवारी शाळेतून येऊन मोजे काढतेय तोच स्टुडिओतल्या मॅडमचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"बाकी सगळ्यांनी समुद्र पाठवलेत," त्या म्हणाल्या. "तुझा थेंब तुटल्यावर उरलेलं पाणी वर उडी मारतं, ते कुठे शिकलीस?"

"बाबांकडे."

"अरे वा! ते कुठल्या स्टुडिओत असतात?"

"लोकांच्या मोऱ्यांमध्ये," मी म्हटलं. "प्लंबर आहेत."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "सोमवारी दहाला ये. बारावी जागा तुझी."

मी एका पायात मोजा घालून घरभर नाचले. बाबा दाराशी उभे, अजून चालू असलेल्या फोनकडे हळूच खुणावत होते.

"काय?"

"विचार ना त्यांना," ते कुजबुजले, "तिकडे कुठे गळतंय का?"