सैतान उठला

मित्रांनो, मी एक जुना सैतान आहे. घाबरू नका. मला शिंगं नाहीत, शेपूटही नाही. दात मात्र आहेत, अगदी पोटभर. मी गादी कारखान्यातलं कापूस पिंजायचं यंत्र आहे. जुन्या गादीतला गोळे झालेला कापूस माझ्या तोंडात जातो आणि मऊ होऊन बाहेर पडतो. जन्मभर मी दुसऱ्यांच्या झोपेची सोय केली. मला मात्र कुणी 'दमलास का' म्हणून विचारलं नाही.

हे नाव मला चालवणाऱ्या मिस्त्रींनी ठेवलं. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली. "सैतान आहे लेकाचा," ते म्हणाले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तसे ते उन्हालाही सैतान म्हणत आणि चहा उशिरा आणणाऱ्यालाही. पण खटका दाबण्याआधी "सैतान उठला!" ही आरोळी फक्त माझ्यासाठी. ती ऐकली की सगळ्यांनी हात मागे घ्यायचे, अशी रीतच पडली.

मावशी माझ्या मागच्या बाजूला बसून दातांत अडकलेला कापूस काढायच्या. त्याच हातांनी घरी नातीची वेणी घालायच्या. नात वळवळली की "सैतान कुठली!" म्हणायच्या, तेही लाडानं.

पुढे मालक थकले आणि सूनबाई कारभार बघू लागल्या. कामाच्या जागी असलं अभद्र बोलायचं नाही, असं त्यांनी बजावलं. आरोळी बंद झाली, भिंतीवर घंटा आली. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. शिवी का असेना, माझी होती.

घंटा काही दिवस नीट वाजली, मग कुरकुरू लागली. दुरुस्ती आज नाही उद्या करत राहून गेली. एका दुपारी मावशींचा हात माझ्या दातांत होता. पलीकडून मिस्त्रींनी घंटेचं बटण दाबलं. ती मुकीच राहिली. पण माझ्या खडखडाटानं मिस्त्रींचे कान कधीच गेलेले, त्यांना ती वाजली असंच वाटलं. त्यांचा हात खटक्याकडे वळला.

दारातून सूनबाईंनी ते पाहिलं. "मावशी! अहो मावशी!"

"आले, आले," मावशी म्हणाल्या. हात तिथंच. दिवसभर त्यांना कुणी ना कुणी हाका मारतच असतं.

"सैतान उठला!" सूनबाई जिवाच्या आकांतानं ओरडल्या.

मावशींचा हात झटक्यात मागे आला. खटका पडला, मी फिरलो. मला आपणहून थांबता येत नाही, मित्रांनो, हेच माझं दुःख. माझ्या दातांत फक्त बाहीचं टोक आलं. सूनबाई धावत आल्या. मावशींच्या शेजारी जमिनीवरच बसल्या आणि कितीतरी वेळ त्यांची बोटं कुरवाळत राहिल्या.

दुसऱ्या दिवसापासून आरोळी परत आली. मिस्त्री रजेवर असले की सूनबाई स्वतः देतात.

आता माझे दात झिजलेत, पट्टा सैल पडलाय. भंगारवाला डोकावून गेला. जायला माझी ना नाही. माझ्या जागी नवं, चकचकीत यंत्र येईल. त्याच्या गोजिऱ्या रूपावर जाऊ नका. दात त्यालाही असतील. त्यालाही सैतानच म्हणा, आणि मोठ्यानं म्हणा.