रावळू जासूद मेला नाही

विट्याच्या हायस्कुलात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या तिघांनी एक मुलूख रचला होता. त्याचं नाव भैरवखोरं. त्यात प्रत्येकाचा एकेक माणूस होता. मानसिंगचा सरदार, बिराप्पाचा वैदू आणि केरबाचा रावळू जासूद. मधल्या सुट्टीत जो तो आपल्या माणसाच्या तोंडून बोलायचा, भांडायचा, लढायचा.

शाळा सुटली आणि तिघं पांगले. मानसिंग कानपूरला सोनं गाळायच्या दुकानात गेला, केरबा त्याच धंद्यात मदुराईला, आणि बिराप्पा पलटणीत भरती होऊन अंबाल्याला. मुलूख मोडू नये म्हणून मानसिंगनं एक जाड वही घेतली. आपल्या माणसाचं पुढचं लिहायचं आणि वही रजिस्टर पोस्टानं दुसऱ्याला धाडायची, असं ठरलं. लिहिलेलं पान फाडायचं नाही, एवढाच नियम.

केरबाची मदुराईतली खोली सारखी बदलायची, म्हणून त्यानं पत्ता गावाकडचा दिला होता. एकाहत्तरच्या दिवाळीला तो घरी आला तेव्हा वही दोन महिने त्याची वाट बघत पडली होती. त्यानं ती बायकोपुढं सरकवली.

"भट्टीपुढं बसून माझं डोस्कं शिजतंय. तू सातवी शिकलीयास. लिव्ह कायतरी माझ्या नावानं."

राहीबाईनं आधी सगळी वही वाचून काढली. मग केरबाच्या अक्षराचं वळण गिरवत लिहिलं. केरबाचा रावळू नुसता निरोप घेऊन पळायचा. राहीबाईचा रावळू कुत्र्यांना भ्यायचा, सरदाराला नाही. तो वाटेत बायांच्या उंबऱ्याशी पाणी मागायचा, त्यांचं ऐकून घ्यायचा, आणि एखादा निरोप दुष्ट वाटला तर तो पोचवायचाच नाही. शाळू खुरपताना, गोठा झाडताना ती त्याचंच पुढचं ठरवत असायची. तीन वर्षं हे चाललं. बिराप्पा केरबाला पत्रं लिहायचा, 'गड्या, बराकीतली पोरं रावळूचं वाचून दाखव म्हणत्यात.' केरबा ती पत्रं घडी घालून ट्रंकेत टाकायचा, लिहिणारी बायको आहे हे कळवायचा नाही.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात मानसिंग कामानिमित्त मदुराईला गेला. रावळूनं सरदाराचा निरोप नदीत सोडून दिला तो भाग त्याला डाचत होता, आणि आवडलाही होता. त्यानं केरबाला त्याबद्दल विचारलं. केरबाला कसला निरोप आणि कुठली नदी, काहीच माहीत नव्हतं. शेवटी त्यानं खरं सांगून टाकलं.

दिवाळीला घरी आल्यावर केरबानं ते राहीबाईच्या कानावर घातलं. त्यानंतर वही तिच्याकडं आली ती दिवाळी झाल्यावर. तिनं अंगणात बसूनच ती उघडली. मानसिंगच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, की रावळू फितूर निघाला. सरदारानं त्याला घाटात गाठलं आणि कड्यावरून लोटलं. खाली माणसं पाठवून प्रेत आणलं, चितेवर ठेवलं आणि राख नदीत सोडली. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, 'रावळूचं काम संपलं.'

राहीबाई दुपारी जेवली नाही. सासूनं, साळूबाईनं, ते बघितलं.

"कुणाचं काय झालं?"

"रावळूला मारलं, आत्याबाई."

"कुठला रावळू?"

"वहीतला."

साळूबाईनं जरा विचार केला. "वाईट झालं," ती म्हणाली. "पर त्यासाठी भाकरी कशाला टाकतीस?"

राहीबाईनं भाकरी खाल्ली, आणि हात धुऊन लिहायला बसली. कडा, प्रेत, राख, मानसिंगनं एकही फट ठेवली नव्हती. तिनं फट शोधलीच नाही. तिनं लिहिलं, 'आठव्या दिवशी रावळू घाट चढून आला. त्याचा पाय मोडला होता. तो कसा जगला हे सरदाराला सांगायला तो बांधलेला नाही.' खाली पहिल्यांदाच स्वतःची सही केली, आणि वही अंबाल्याला धाडली.

बिराप्पानं काहीच लिहिलं नाही. चैत्रात जत्रेला तिघंही गावी आले तेव्हा तो वही घेऊन आला, आणि ते बिरोबाच्या देवळापुढच्या पारावर बसले. पारावर बाया बसत नसत. राहीबाई गेली आणि पाराच्या कडेला उभी राहिली.

"वहिनी, आमचा जुना खेळ हाय," मानसिंग म्हणाला. "तुमी तीन वरसं आमाला फसवलंत."

"नाव ह्यांचं घातलं, ती चूक झाली. ती मी कबूल करते, भावजी. पण लिवलेलं खोटं न्हवतं."

"रावळू मेलाय. राख नदीत सोडलीय. सगळ्यांनी वाचलंय."

"तुमच्या सरदारानं कड्यावरनं लोटला, ते मला मान्य हाय. लोटणं त्याच्या हातात होतं. पण रावळू जगला का मेला, ते सरदारानं कसं ठरवायचं? उद्या मी तुमच्या सरदाराला ताप आणून मारला, तर चालंल का?"

मानसिंगनं केरबाकडं बघितलं. "गड्या, रावळू तुझा. तूच सांग."

पारावरची आणखी माणसंही आता ऐकत होती.

"माझा नुसता पळायचा," केरबा म्हणाला. "ह्यो तिचाच हाय. तिला इचार."

"मी त्याला मारलेला न्हाई," राहीबाई म्हणाली. "म्हणून तो मेलेला न्हाई."

मानसिंगनं वही उचलून काखेत घेतली. "वही माझी हाय. मुलूख माझ्या घरी ऱ्हाईल. तुमचा रावळू कुठं हिंडायचा तिथं हिंडू दे."

"ठेवा," राहीबाई म्हणाली. "त्यातली तीन वरसं मला पाठ हायत."

केरबा तिच्या मागोमाग घरी आला. वाटेत तो एवढंच म्हणाला, "लोकं बोलतील."

"बोलू द्या. तुमी मदुरंला गेल्यावर मी ऐकून घेते."

सोमवारच्या बाजारी ती विट्याला गेली आणि दोनशे पानी वही घेऊन आली. पहिल्या पानावर तिनं नाव घातलं, राहीबाई केरबा, आणि रावळू घाट चढून आला तिथून पुढं लिहिलं. पोस्टात मास्तरांनी पुडक्यावर धाडणाराचं नाव बघून विचारलं, "मालकांचं नाव न्हाई घालायचं?"

"ते मदुरंला हायत. धाडणारी मी हाय."

वही अंबाल्याला गेली. दोन महिने काही आलं नाही. राहीबाईनं रोज पोस्टमनची वाट बघितली, आणि रोज मनाशी ठरवलं, की वही आली नाही तरी तिसरी वही घ्यायची. आषाढात पुडकं आलं. बिराप्पानं बारा पानं लिहिली होती. त्याच्या वैदूनं घाटमाथ्यावर रावळूला गाठलं, पाय बसवला, बांबूच्या कांबी बांधल्या, आणि एकदाही विचारलं नाही की तू वाचलास कसा. मानसिंगची वही मात्र नंतर कुणाच्याच घरी आली नाही.

राहीबाई ती बारा पानं शेजारच्या हरणाबाईला वाचून दाखवत होती. हरणाबाईला अक्षर येत नव्हतं. शेंगा फोडता फोडता तिनं सगळं ऐकलं आणि हात थांबवला.

"ह्यात मला घेशील का?"

"घेते. कोण व्हायचं तुला?"

"सरदार."

"सरदार मानसिंग भावजींचा हाय. आपुन त्याला हात लावायचा न्हाई."

"मग दुसऱ्या खोऱ्यातला. त्यांचा एकटाच सरदार हाय व्हय जगात?" हरणाबाईनं सूप बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले आणि मांडी घालून बसली. "मी सांगते, तू लिव्ह. घोड्याचं नाव आधी लिव्ह."