मोठ्या डॉक्टरांची पट्टी

मित्रांनो, मी तापाच्या वॉर्डातली एक जुनी ईसीजी मशीन आहे. हृदयाचे ठोके कागदी पट्टीवर उमटवायचे, हे माझं काम. आणि आधीच सांगून ठेवते, मी डूख धरणारी आहे.

नवी होते तेव्हा माझं कोण कौतुक! मग मोठे डॉक्टर आले. "मलेरियात हृदयाचं काय घेऊन बसलात?" म्हणाले आणि मला कोपऱ्यात ढकललं. माझ्या डोक्यावर ओले टॉवेल वाळत पडू लागले. तेही सोसलं.

पण ती शिंपीणबाई! मलेरियाचा ताप उतरला, तरी तिला दम लागायचा थांबेना. "सिस्टर, छातीत कुणीतरी कांडतंय हो," ती म्हणाली. सिस्टरनी टॉवेल भिरकावले, मला ओढत नेलं, पट्टी काढली. ठोके पार सैरावैरा! डॉक्टरांनी पट्टीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "अशक्तपणा आहे. घरी पाठवा." तिसऱ्या दिवशी ती घरीच वारली. तेव्हाच ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

तिच्या मृत्यूची चौकशी बसली. शिंपीणबाईची लेक दाराशी उभी होती. सिस्टरनी पट्टी पुढे ठेवली, तर डॉक्टर हसले. "हे जुनं धूड? भिंतीला लावलं तरी अटॅक दाखवेल!"

"मग तुम्हालाच लावून बघू," चौकशीला आलेल्या अधिकारी बाई म्हणाल्या.

सदरा काढून स्वारी आडवी झाली. मित्रांनो, ती छाती माझ्या तावडीत! अशी वेडीवाकडी पट्टी काढावी की दरदरून घाम फुटला पाहिजे, असं फार वाटलं. पण मग त्याचंच म्हणणं खरं ठरलं असतं. दातओठ खात मी एकेक ठोका जसाच्या तसा काढला.

"बघा, ठणठणीत आहे माझं हृदय!" डॉक्टर खुशीत म्हणाले.

"म्हणजे मशीन बरोबर आहे तर," बाई म्हणाल्या.

"मग आईला घरी का पाठवलं?" लेकीने विचारलं.

डॉक्टरांना सदऱ्याची बटणं लावता येईनात. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

मित्रांनो, मलेरिया हृदयालाही गाठतो. ताप उतरल्यावर कुणी "धडधडतंय" म्हणालं, तर ऐका. मला पुसून, कागद भरून ठेवा. आणि ऐकणार नसाल, तर एवढं ध्यानात ठेवा, मी अजून चालू आहे.