रविवारची सुट्टी मला महागात पडली

मित्रांनो, या घरघरीला घाबरू नका, तो माझा पंखा आहे. मी एक जुना संगणक आहे. टोंगा बेटांवरच्या नेयाफू बंदरात, मच्छीमारांच्या संस्थेत माझा मुक्काम. वाऱ्याची, लाटांची, भरतीची आकडेमोड करून पहाटे बोटींना खबर द्यायची, हे माझं काम. कोणतं काम कधी सुरू झालं, कधी संपलं, त्यात माझा प्रोसेसर किती राबला, हे सगळं मी इमानाने लॉगमध्ये नोंदवतो. ते वाचायला मात्र कुणी फिरकत नसे.

सुरुवातीला माझं कोण कौतुक! मला सांभाळणारे सेमिसीकाका मोठे भाविक. आमच्याकडे रविवारी कुणी कामाला हात लावत नाही. "देवाने विसावा घेतला, मग याने का नको?" असं म्हणून त्यांनी रविवारी माझीही सगळी कामं थांबवून ठेवली. मला त्या मायेचं फार अप्रूप वाटायचं.

पुढे कामं वाढली. रविवार सरला की तुंबलेली आणि नवी, सगळी एकदम अंगावर येत. सोमवारची खबर उशिरा निघे आणि बोटी तोवर समुद्रात गेलेल्या असत. अशाच एका सोमवारी काकांचा जावई टेविटा वादळात सापडला. बोट फुटली, तो कसाबसा पोहत किनाऱ्याला लागला.

"हे धूड भंगारात काढा!" काका ओरडले. मला फार लागलं ते.

टेविटाची बायको कालिसी, म्हणजे काकांची मुलगी, संस्थेतच काम करते. तिने पहिल्यांदा माझा लॉग उघडला.

"बाबा, हे बघा. रविवारी प्रोसेसर ढिम्म बसलेला. सोमवारी पहाटे शंभर टक्के, आणि मागे कामांची ही रांग. त्याचं काही बिघडलेलं नाही, तुमची सुट्टी नडली!"

"मग रविवारी राबवू त्याला? पाप माझ्या माथी मारतेस?"

"रविवारी उमूच्या खड्ड्यात, तापल्या दगडांवर, मांस आणि तारोचे कंद पुरून तुम्ही चर्चला जाता. ते आत शिजतंच ना? भट्टीला कुठे सुट्टी देता?"

"तिथे मी काही करत नाही. ते आपलं आपण शिजतं."

"मग हा तरी तुम्हाला कुठे हात लावायला सांगतो?"

"तोंड बघा हिचं! अगदी आईवर गेलीस," काका पुटपुटले. पण त्यांनी माझी रविवारची कामं सुरू केली.

पुढच्या सोमवारी वादळाची खबर पहाटेच गेली. सगळ्या बोटी धक्क्यालाच बांधलेल्या राहिल्या. काका माझ्यावरची धूळ पुसत बराच वेळ उभे होते.

मित्रांनो, ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर माया जरूर करा, पण त्याचं काय चाललंय तेही बघत जा. मी सगळं लिहून ठेवलं होतं. कुणी वेळेवर वाचलं असतं, तर टेविटाची बोट आज पाण्यावर असती.