कुरवाळलेली पानं

धनश्री पराते नागपुरातल्या एका प्रयोगशाळेत मिरचीच्या रोपांवर संशोधन करत होती. पाणी तुटलं की पानांतल्या पेशी एकमेकींना संकटाचा इशारा कसा देतात, हे तिला शोधायचं होतं. पण ज्या रोपांना भरपूर पाणी द्यायचं ठरलं होतं, तीही खुरटली आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पेशींतही तोच इशारा चमकताना दिसू लागला. धनश्रीचं डोकं फिरलं.

"साधं पाणी घालायलाही जमत नाही तुला?" ती सगळ्यांदेखत प्रीतीवर कडाडली. प्रीती तिची विद्यार्थिनी, जवळच्या कुही गावाकडची.

"मॅडम, मी रोज टाकलं पाणी," एवढंच म्हणून ती डोळे पुसत बाहेर गेली.

पुढच्या आठवड्यात धनश्री सूक्ष्मदर्शकाखाली त्याच खुरटलेल्या रोपांपैकी एकाचं पान सरळ करत होती. तिचं बोट लागलं आणि इशाऱ्याची चमक पानभर पसरत गेली. तिचा हात थबकला. रोज सकाळी आल्याबरोबर त्या हिरव्यागार रोपांची पानं लाडानं कुरवाळायची तिला सवय होती. त्या स्पर्शानंच रोपं खुरटली होती.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं सगळ्यांना बोलावलं.

"चूक माझी होती, प्रीतीची नाही," ती म्हणाली. "प्रीती, मला माफ कर."

प्रीती गोंधळली.

"पण मॅडम, मले तं वाटलं, मीच विसरली असन. म्हणून तवापासून रविवारीबी येऊन पाणी टाकून राहिली होती मी."

धनश्रीला मान वर करवेना.