लिंबाच्या रसातले बारा

बशीत बेरोचे सहा देठ, देठांवर मिळून एक्केचाळीस पानं, आणि त्यांतल्या आठ पानांच्या पाठीला चिकटलेले पांढरे ठिपके — चोवीस. नेलिदाने पुन्हा मोजले. चोवीसच. भिंगाखाली प्रत्येक ठिपका गोल, काठ नीट, जणू कुणी सुईच्या टोकाने चुन्याचा एकेक थेंब ठेवून गेलंय... आणि आत कुणीतरी अंग मुडपून बसलेलं, वाट पाहत. गाय येईल, मेंढी येईल, नाहीतर एखादी मुलगी गुरं राखताना तोंडाला चाळा म्हणून देठ चघळेल — कुणीही चालेल. इतका धीर माझ्यात कधी येईल, असं तिला उगीच वाटून गेलं.

पाण्यात वाढणारा हा भाजीचा पाला तिने सकाळीच शाळेखालच्या पाटातून उपटून आणला होता. त्याच पाटाच्या वरच्या अंगाला आईनेही उपटला असणार, कारण आज शाळेच्या स्वयंपाकघरात आईची पाळी होती, आणि आईची पाळी म्हणजे बटाट्याचं सूप, भाजलेला मका आणि कच्च्या बेरोची कोशिंबीर — वर इतकं लिंबू की खाणाऱ्याचे डोळे मिटावेत. कासिमिरा चिलोनच्या कोशिंबिरीला या खोऱ्यात तोड नाही असं सगळे म्हणतात, आणि कासिमिरा चिलोन आपण ते ऐकलंच नाही असं दाखवते. तिला आजच्या धड्याबद्दल आधी सांगायला हवं होतं. पण सांगायचं तरी काय? तुझ्या हातचं मुलांना खाऊ देणार नाही, असं?

घंटा झाली, मुलं आत आली.

अलिकुया कुणाला माहीत नाही असं एकही मूल वर्गात नव्हतं. गाय कापली की पोटातलं ते मोठं गडद यकृत चिरतात, आणि त्यातून चपटे, तपकिरी, पानासारखे जंत घसरत बाहेर येतात, तेच अलिकुया. कुत्र्यांची चंगळ होते.

"गाईच्या पोटात तो जातो कुठून?" नेलिदाने विचारलं.

"जन्मतःच असतो, बाई," सेगुंदो म्हणाला. "माझ्या काकासारखा. आळशी, घरातच बसून."

मग तिने त्यांना स्वयंपाकघरासमोरच्या अंगणात उभं करून खेळ लावला. एक जण शेणातलं अंडं. अंडं पाण्यात फुटतं, त्यातून पोहणारं पिल्लू निघतं, आणि त्याला एका दिवसाच्या आत गोगलगाय सापडली नाही तर ते मरतं. सेगुंदोला गोगलगाय केलं. तो इतका मन लावून गोगलगाय झाला की पिल्लू झालेली मुलं त्याला ओढू लागली तरी जागचा हलेना. "गोगलगाय घाई करत नाही," तो जमिनीवरून म्हणाला. एका पिल्लाची गोगलगाईच्या आत शेकडो होतात, ती बाहेर पडतात, पानाला चिकटतात, अंगाभोवती कवच करतात... सांगता सांगता नेलिदाचा आवाज चढला. विद्यापीठात हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही असंच झालं होतं — मेंदू म्हणावं असं काही नाही, आणि तरी पाण्यातून गोगलगाईत, गोगलगाईतून पानावर, पानावरून आतड्यात, आतड्याची भिंत पोखरून थेट यकृतात. एवढी वाट कुणी न चुकता चालावी! त्याचा राग करायचा हे मला अजून जमत नाही. मुलांनाही तो राग शिकवावा असं वाटत नाही. वाट कळली की कुठे अडवायचं ते कळतं, एवढंच.

"म्हणून पाटाचं पाणी उकळायचं," मुलं म्हणाली. "देठ चघळायचे नाहीत. बेरो शिजवल्याशिवाय खायचा नाही."

तेव्हा दालिलाने हात वर केला. दालिला कमी बोलते, आणि बोलायच्या आधी वेणीचं टोक बोटाला गुंडाळते.

"बाई, पण लिंबानं शिजतंच की. मासा शिजतो ना? कच्चा मासा लिंबात टाकला की पांढरा होतो. मग अलिकुया का नाही शिजणार?"

वर्ग हसला नाही, कारण सगळ्यांना तेच वाटत होतं. इथे तसंच मानतात. चूल नसेल तिथे लिंबू. आणि नेलिदाच्या लक्षात आलं की तिच्याकडे उत्तर होतं, पण ते वाचलेलं होतं, पाहिलेलं नव्हतं. किती नीट प्रश्न! मासा शिजतो हे खरं, मग हा का नाही — माझ्या वर्गात बसून एका मुलीने माझ्या आधी हा प्रश्न विचारला.

"मला पाहून सांगावं लागेल," ती म्हणाली. "आपण पाहू."

पानांवरचे ते कवचातले ठिपके, म्हणजे कोष, बारा लिंबाच्या रसात. बारा पाटाच्या पाण्यात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

मधल्या तासांना ती भागाकार शिकवत होती आणि तिचं अर्धं मन खिडकीतल्या त्या दोन वाट्यांपाशी होतं. शास्त्र शिकलेल्या माणसाने निकालाची इच्छा धरू नये. तिने धरली. लिंबू जिंकू दे... कारण आईने आयुष्यभर तेच खाल्लं होतं, आणि आई कित्येक वर्षं उजव्या बरगडीखाली हात दाबून उठते. "राग आहे तो," आई म्हणते. "तुझ्या बापानं दिलेला. तिथंच घर करून बसलाय." राग यकृतात साचतो हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. बाप जाऊनही इतकी वर्षं झाली, आणि राग कमी होत नाही, याचं आईलाही नवल वाटत नाही.

सुट्टी झाली. सुईने एकेका कोषाची वरची साल काढत, कोमट पाण्याचा थेंब घालत तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पाण्यातले बाराच्या बारा हलत होते. लिंबातले अकरा. मुलांत पहिल्यांदा दालिलाने पाहिलं आणि ती बाजूला झाली.

स्वयंपाकघरात आई मोठ्या वाडग्यात लिंबू पिळत होती. मुलं ताटल्या घेऊन उभी होती, पण ताटली कुणी पुढे करत नव्हतं. आईने ते पाहिलं. मग नेलिदाकडे पाहिलं.

"काय सांगितलंस यांना माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल नाही, आई. बेरोबद्दल."

"बेरो म्हणजे मीच की," आई म्हणाली. "हाच खाऊन तू वाढलीस. मेलीस का?"

नेलिदाकडे वाक्यं होती ती सगळी पुस्तकातली, आणि आईसमोर ती बोलणं म्हणजे...

"आजी, लिंबानं नाही शिजत ते," दालिला म्हणाली. "मी पाहिलं. तुम्ही पण बघा."

आईने हात कमरेच्या फडक्याला पुसले, वर्गात आली, आणि डोळा भिंगाला लावला. एक मिटलेला डोळा, एक उघडा. तोंड किंचित उघडं. नेलिदाला ती इतका वेळ काही पाहताना आठवत नव्हती.

"नाचतोय मेला," आई हळूच म्हणाली. "लिंबात? माझ्याच लिंबात?"

"हो."

"दुसरा दाखव."

तिने बाराही पाहिले. न हलणाऱ्यापाशी ती सगळ्यांत जास्त थांबली. मग उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि तो वाडगा, तिची ती कोशिंबीर, लिंबासकट, खळखळत्या सुपात उपडा केला.

"आजी, आंबट होईल ना," सेगुंदो कुरकुरला.

"होऊ दे. गोगलगाईला चव कळते होय रे?"

मुलं हसली आणि ताटल्या पुढे झाल्या. सूप खरंच आंबट झालं होतं. नेलिदा ते खात होती आणि तिला जाणवत होतं की सकाळपासून छातीत धरून ठेवलेली भीती सुटलीय, पण तिच्या जागी दुसरंच काही येऊन बसलंय, जड आणि अगदी स्पष्ट — मी या बाईचं पोर आहे, आणि ही बाई मला आज पहिल्यांदा दिसली.

भांडी घासून झाल्यावर आई दारात आली. आरोग्य केंद्रासाठी शौचाचे नमुने आणायला मुलांना वाटायच्या झाकणाच्या डब्या टेबलावर होत्या.

"त्यातली एक दे," ती म्हणाली. "आणि हसू नकोस."

नेलिदा हसली नाही. शाळा सुटायच्या आत आईने डबी आणून दिली, तोंड दुसरीकडे करून, आणि बाहेर ओट्यावर बसून राहिली. नेलिदाने काचपट्टी केली, ती पारदर्शक व्हायची वाट पाहिली, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ओळीओळीने पाहत गेली. पिवळसर, लांबट, एका टोकाला झाकण.

काचपट्टीवर अलिकुयाची तीन अंडी. हिशेबाप्रमाणे चोवीसने गुणलं, दर ग्रॅमला बहात्तर.